मित्रराष्ट्रांची उंची

खरवईचा जनू चव्वेचाळीस साली इटलीच्या आघाडीवर एका नदीच्या काठी बेपत्ता झाला. तशी तार आली. पुढे वर्षभराने सरकारने कळवलं, की तो मेला असं धरण्यात येत आहे. सरकारने धरलं. त्याच्या बायकोने, वेणूबाईने, धरलं नाही. ती कुंकू लावत राहिली, वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळत राहिली, आणि कुणी विचारलं तर "लांब गेल्यात" एवढंच सांगत राहिली. इटली लांब आहे, हे कुणाला नाकारता येत नव्हतं.

आपल्याकडे अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, आणि त्यानंतर तो रीतसर मेलेला होतो. छप्पन साली जनूची बारा वर्षं भरली. धाकटा भाऊ सदू वहिनीच्या मागे लागला, की यंदाच्या पितृपक्षात एवढं उरकून घेऊ. सदू वाईट माणूस नव्हता. त्याची म्हातारी आई दर पितृपक्षात कावळ्याला पान ठेवायची आणि विचारायची, "बापाला ठेवलं, आज्याला ठेवलं, माझ्या जनूला कोन ठेवनार? त्यो का उपाशीच उभा ऱ्हानार दारात?" याचं उत्तर सदूपाशी नव्हतं. ते वहिनीपाशी होतं, आणि ती देत नव्हती.

उलट श्रावणात ती गाठोडं घेऊन बेलवलीला भावाकडे निघून आली. तिचा थोरला भाऊ हिरामण गणपती करायचा. ती त्याच्या कारखान्यात शाडू मळायला बसली.

नेमकं त्याच वर्षी अंबरनाथला आमच्या फॅक्टरी कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाने महायुद्धाचा निकाल लावायचं ठरवलं.

निकाल तसा अकरा वर्षांपूर्वीच लागला होता, पण आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर तो मान्य झालेला नव्हता. महायुद्ध नक्की कुणी जिंकलं, यावर तिथे रोज संध्याकाळी लढाई चाले. विष्णुपंत स्टोअरमध्ये होते. ते रशियाकडून लढत. दिनानाथ ड्रॉइंग ऑफिसात होते; ते इंग्लंडकडून. हेमचंद्र वयाने लहान, त्यामुळे त्याच्या वाट्याला अमेरिका आली होती. तिघांपैकी कुणी नेरळच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, पण आघाडी कुणी एक इंच सोडली नाही. मी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे तटस्थ राष्ट्र होतो.

"यंदाचा देखावा मित्रराष्ट्रांचा करू," विष्णुपंत सभेत म्हणाले. "मधे गणपती, भोवती प्रत्येक राष्ट्राचा एकेक सैनिक. आणि ज्याचा जेवढा त्याग, तेवढी त्याची उंची. एकदा लोकांना दिसू दे."

सूचना सर्वांना आवडली, कारण प्रत्येकाला आपला सैनिक उंच दिसत होता.

अडचण मोजणीला आली. विष्णुपंतांचं म्हणणं, मेलेली माणसं मोजा. रशियाची कोटीच्या घरात. त्या हिशेबाने रशियन सैनिक मांडवाच्या छपरातून बाहेर गेला आणि इंग्रज त्याच्या गुडघ्याला लागला.

"माणसं मरणं म्हणजे लढणं नव्हे," दिनानाथ म्हणाले. "सगळे आडवे झाले होते तेव्हा वर्षभर एकटा कोण उभा होता ते बघा. काळ मोजा."

"उभा होता, पण खात काय होता?" हेमचंद्र म्हणाला. "डबे अमेरिकेचे. ट्रकसुद्धा. तुमच्या रशियाचे बूटही अमेरिकेचेच. माल मोजा."

"रक्त आणि बूट एका तराजूत घालतोस?" विष्णुपंत ओरडले. "लाज नाही वाटत?"

तीन सभा झाल्या. शेवटी तह झाला. रक्तासाठी रशियाला साडेसहा फूट, मालासाठी अमेरिकेला सहा, आणि चिकाटीसाठी इंग्लंडला साडेपाच. फ्रान्स मध्येच पडला म्हणून बसलेला दाखवायचा. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चीनमध्ये पण बरेच मेले म्हणतात. सभेत जरा शांतता पसरली, कारण चीनच्या बाजूने ओट्यावर कधीच कुणी बसलेलं नव्हतं. चीनला तीन फूट देण्यात आले.

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपलं काय?" दिनानाथ म्हणाले.

"पंचवीस लाख माणूस लढायला गेलं होतं आपलं."

"ते इंग्लंडच्या साडेपाचात धरलेलं आहे."

"मग इंग्लंडमधून तेवढं कापा!" विष्णुपंत म्हणाले. त्यांना भारताचा पुळका होता असं नाही. इंग्लंड कमी होत होतं, ते बरं वाटलं.

"कापायला काय, पडवळ आहे?"

"आणि बंगालात भुकेने मेले, ते कुणाच्या उंचीत घालायचे?"

"ते लढाईत मेले नाहीत, विष्णुपंत."

"मग कशात मेले?"

दिनानाथांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. अखेर, स्वतंत्र राष्ट्र म्हणून सौजन्याने भारताला दीड फूट मंजूर झाला. ठराव बहुमताने झाला. मी लिहून घेतला.

गणवेशांसाठी हेमचंद्र आणि मी उल्हासनगरला गेलो. लढाईत तिथे लष्कराची छावणी होती. आता बराकींत सिंधी कुटुंबं राहत होती, आणि सैन्य जे टाकून गेलं ते सगळं बाजारात मिळत होतं. जयदेव नावाच्या दुकानदाराने आमच्यापुढे खाकीचा ढीग ओतला.

"साईं, कौनसा मुलुक मांगता?"

"रशिया, इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, चीन," हेमचंद्र म्हणाला.

जयदेवने पाचही एकाच ढिगातून काढून दिले. "टोपी बदलो, मुलुक बदल जायेगा."

"असं कसं? अमेरिकन वेगळा असतो."

"भाऊ, आमी सिंधमधून आला तवा मुलुक असाच बदलला. कपडा तोच होता." एवढं बोलून त्याने गाठोडं बांधायला घेतलं, आणि मग घासाघीस करायचं हेमचंद्रालाही सुचलं नाही.

मूर्तींचं काम हिरामणला दिलं होतं. त्याला उंच्या सांगितल्या. त्याने मान डोलवली. गोपाळकाल्याच्या देखाव्याचा पेंद्याचा साचा त्याच्याकडे होता. रशियन, अमेरिकन, इंग्रज, फ्रेंच आणि चिनी, सगळ्यांना त्याने तोच चेहरा दिला. उंची तेवढी मंडळाच्या ठरावाप्रमाणे.

गणपतीला आठवडा उरला असताना मी काम बघायला बेलवलीला गेलो. कारखान्यात राष्ट्रं रांगेत वाळत होती. कोपऱ्यात वेणूबाई एका उभ्या मूर्तीपुढे बसली होती. बांबूचा सांगाडा, त्यावर काथ्या, त्यावर शाडू. मूर्ती माणसाएवढी होती. अंग झालं होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता गोळा होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"भारत," हिरामण नजर चुकवून म्हणाला.

"अरे, भारत दीड फूट!"

"म्यां सांगितलं तिला. आयकत नाय."

वेणूबाईने माझ्याकडे न बघता विचारलं, "दीड फुटाचा मानूस कुठं आसतो का, भाऊ? मी त्येच्या खांद्याला लागायची. तेवढा केलाय."

मंडळाचा चिटणीस म्हणून मला काहीतरी बोलणं भाग होतं. तेवढ्यात सदू आला. तो दर दोन दिवसांनी खरवईहून यायचा, दारात उभा राहायचा आणि एकच वाक्य बोलून जायचा. आजही तो तेच बोलणार होता.

"वैनी, भटजी तिथी मागतोय."

"आत ये," वेणूबाई म्हणाली.

हे नवीन होतं. सदू चप्पल काढून आत आला.

"बस हितं. उजेडाकडं तोंड कर." तिने त्याची हनुवटी धरून वळवली. "नाक तुजंच व्हतं त्येला. सासूबाय म्हनायच्या, दोघांचं नाक एका चुलीवरचं."

सदू बसला. कुणी फोटो काढत असल्यासारखा त्याने श्वास धरला होता. तिने गोळ्याला अंगठा लावला आणि नाक काढू लागली.

"कपाळ तुजं नाय. त्येचं रुंद व्हतं."

"रुंद? दादाचं? नाय वैनी. माज्यापरास आखूड व्हतं."

"दोन वर्सं मी नांदले त्येच्यासंगं."

"आन् मी त्येच्या पाठीवर जल्मलो! हितं, भिवईला, खूण व्हती. आंब्यावरनं पडला व्हता."

"खूण?" वेणूबाईचा हात थांबला. "कंच्या भिवईला?"

"डाव्या... नाय, उजव्या." सदूने स्वतःच्या एका भिवईला बोट लावलं, मग दुसऱ्या. "उजव्याच."

"मना खूण आठवत नाय," ती म्हणाली.

पुढे दोघं बराच वेळ भांडली. कान कसे, हनुवटीला खळी होती का, मिशी ठेवली होती ती रजेवर आला तेव्हा की नंतर. तिने कपाळ रुंद केलं. सदूने नको म्हटलं. तिने आखूड केलं आणि परत रुंद केलं. उजव्या भिवईला नखाने बारीक खूण काढली. ती मला उगाच वाटली, पण मी काही जनूला पाहिलं नव्हतं. संध्याकाळी चेहरा पुरा झाला. दोघं मागे सरून बघत राहिली.

"हाय का?" तिने विचारलं.

"हाय," सदू म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दादा एवडा ल्हान व्हता, वैनी? मी आता त्येच्यापरास थोरला दिसतो."

तिथीचं त्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं नाही.

मूर्ती बैलगाडीने अंबरनाथला आल्या आणि मंडळात हाहाकार झाला. भारत इंग्लंडपेक्षा बोटभर उंच निघाला.

"प्रमाण गेलं!" दिनानाथ म्हणाले.

"हा तर जवळजवळ अमेरिका!" हेमचंद्र म्हणाला.

विष्णुपंतांना आधी गंमत वाटली, पण त्यांनी टेप लावून पाहिली आणि रशियाशी अंतर फारच कमी भरलं. मी त्यांना वेणूबाईचं सांगितलं. तिघांनीही ते नीट ऐकून घेतलं. माणसं चांगली होती. पण ठराव तो ठराव. मूर्ती परत पाठवणं बरं नाही, आत ठेवणंही बरं नाही, म्हणून असं ठरलं, की तिला मांडवाच्या दारात, बाहेर, उभी करावी. म्हणजे ती देखाव्यात धरली जाणार नाही, आणि प्रमाणही राहील.

देखावा तुफान चालला. लोक कल्याणहून, कर्जतहून आले. आत मित्रराष्ट्रांपुढे वाद घालायचे, आमच्या ओट्यावरची लढाई शेकडो तोंडांनी चालू झाली. दारातल्या सैनिकाकडे कुणी बघितलं नाही असं म्हणता येणार नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याच्या पायाशी चपला काढल्या. दुसऱ्याने त्यावर आपल्या ठेवल्या. तिसऱ्या दिवसापासून सगळं गाव त्याच्यापाशी चपला ठेवून आत जाऊ लागलं. एकही चप्पल चोरीला गेली नाही. त्याच्या हातात बंदूक होती तिला लोक छत्र्या अडकवू लागले.

सातव्या दिवशी पाऊस झाला. मांडवाला छप्पर होतं ते आतल्यांसाठी. कच्चा शाडू तो, दारात सकाळपर्यंत भिजला.

दुपारी वेणूबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा. पाऊस बघूनच निघाली असणार. मी, विष्णुपंत आणि दिनानाथ दारात होतो. तिला बघून विष्णुपंतांनी घाईघाईने बंदुकीवरच्या छत्र्या काढायला घेतल्या.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो कुनाचं बी सामान धरून उभा ऱ्हायचा."

चेहरा गेला होता. नाक वाहून छातीवर आलं होतं, डोळ्यांचा रंग गालांवरून उतरला होता. तिने पाटी खाली ठेवली, गोळा घेतला, नाकाच्या जागी लावला आणि अंगठ्याने दाबला. मग थांबली. पुन्हा दाबला. हात काढून घेतला.

"सदूला आनाया पायजे व्हतं," ती म्हणाली.

तिने अंगठ्याचा शाडू पदराला पुसला.

"नाक सदूचं, खूण सदूनं सांगितलेली. कपाळ दोनदा मोडलं." ती स्वतःशीच बोलत होती. "बारा वर्सं त्येला जिता ठेवला म्हनते मी. तोंड नाय ध्यानात. मंग ठेवलं कुनाला?"

तिने गोळा परत फडक्यात गुंडाळला. मग चपला काढल्या, इतरांच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि आत गेली. गणपतीला हात जोडले. राष्ट्रांपुढे उभी राहिली.

"ह्यो उंच कोन?"

"रशियन," विष्णुपंत म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "त्यांची माणसं सगळ्यांत जास्त मेली."

"त्येंच्या बायकांस्नी कळलं का, कुठं पडले ते?"

विष्णुपंतांना रशियाबद्दल सगळं ठाऊक असायचं. "सगळ्यांना नाही," ते म्हणाले. "बऱ्याच जणींना नाही कळलं."

"आन् ह्येच्या?"

"इंग्रज आहे तो," दिनानाथ म्हणाले. "त्यांच्यातही... असतील तशा."

ती चीनपाशी वाकली. तीन फुटांचा, पेंद्याच्या चेहऱ्याचा. त्याच्या टोपीवरची धूळ तिने पदराने पुसली. "ह्येच्या बी आसतील." मग सरळ उभी राहून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "लई जनी बसल्या आसतील तर. मना वाटायचं, मी यकलीच बसले."

बाहेर येऊन तिने पाटी उचलली. मी विचारलं, बेलवलीला जाणार का, गाडी आहे.

"नाय. खरवईला जाते. सासूबायला सांगते, भटजीला तिथी द्या."

दारातल्या सैनिकाचा चेहरा मग कुणी दुरुस्त केला नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत तो तसाच उभा राहिला.

पितृपक्षात बदलापूरला उल्हास नदीच्या काठी विधी झाला. विष्णुपंत, दिनानाथ आणि मी गेलो. जायचं असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. स्टेशनवर भेटलो, एवढंच. दिनानाथांनी काळी टोपी घातली होती. म्हातारी बैलगाडीत बसून होती. तिला उतरवत नव्हतं. हिरामण पळसाची पानं ओली करून देत होता आणि भटजी काळ्या दोऱ्याने ती बांधत होते. पाय झाले, हात झाले, डोक्याला नारळ लावला. भटजींनी मेलेल्याचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, गाव विचारलं. कुणाच्या बाजूने लढला, ते विचारलं नाही. विधीत त्याला जागा नसते. सदूने अग्नी दिला. ओली पानं आधी नुसती धुमसली. मग एकदम पेटली आणि बघता बघता संपली. माणूस जळायला लागतो तितका वेळ लागला नाही.

सदूने पाण्यात उभं राहून तिलांजली दिली. बाहेर आल्यावर भटजी घसा साफ करून म्हणाले, "आता वहिनींनी कुंकू..."

सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

"आज नाय," वेणूबाई म्हणाली.

"अहो, असं चालत नाही. विधी झाला. तो गेला, आता—"

"भटजी," सदू म्हणाला. त्याच्या धोतरातून पाणी निथळत होतं. "आग मी दिली. पानी मी दिलं. माज्या भावाचं झालं. वैनीचं काय ते वैनी बघंल."

"पण शास्त्र—"

"तुमी दक्षिना घ्या आन् सावलीत बसा."

वेणूबाई गाडीपाशी गेली. म्हातारी वाकून तिच्या कपाळाकडे बघत राहिली. आता काय होतं म्हणून हिरामण दोन पावलं पुढे सरकला. म्हातारीने हात पुढे करून सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"आता तरी रडशील का गं?" ती म्हणाली.

जित्या नवऱ्यासाठी रडायचं नसतं, तो अपशकुन असतो. बारा वर्षांत खरवईत कुणी वेणूबाईला रडताना पाहिलं नव्हतं. तार आली तेव्हा नाही, सरकारने धरलं तेव्हा नाही. ती गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली, आणि मग असा काही आवाज आला, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून उभ्या राहिल्या.

विष्णुपंत आणि दिनानाथ नदीकडे तोंड करून, एकमेकांशेजारी उभे राहिले. दोघांच्याही टोप्या हातात होत्या. ती रडायची थांबली नाही, तोवर त्यांनी त्या डोक्यावर घातल्या नाहीत. आणि ती लवकर थांबली नाही.